कपडे धुणाऱ्या ड्रमच्या पोटातली माती

मी एक जुना ड्रम आहे. ड्रम म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींचे हात वाजवायला शिवशिवले असतील, पण मित्रांनो, मी तो ड्रम नव्हे. कपडे धुण्याच्या मशीनचे दार उघडले की आत जे चकचकीत, भोकाभोकांचे गोल पोट दिसते, ते पोट म्हणजे मी. टिचकी मारलीत तर मीही वाजेन, पण त्या आवाजावर कोणी नाचणार नाही.

एका सपाट पत्र्यापासून माझी सुरुवात झाली. कारखान्यात त्या पत्र्यावर एक यंत्र धडाधड आपटत गेले आणि आपटेल तिथे भोक पडत गेले. मला वाटले, संपले सगळे. पाण्यात काम करायचे आणि अंगभर भोके? अशाने मी कोणाच्या काय उपयोगाचा? मग पत्रा वळवून गोल केला, आतल्या बाजूला तीन उंचवटे बसवले आणि मला एका मशीनच्या पोटात घातले. पहिल्यांदा पाणी सोडले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भोकांमधून पाणी आत येत होते, मळ घेऊन बाहेर जात होते आणि कपडे तेवढे माझ्याजवळ राहत होते. उंचवटे कपड्यांना वर उचलत आणि धपकन खाली सोडत. ज्या भोकांची मला लाज वाटत होती, त्यांच्यावरच माझे पोट भरणार होते.

आमचे मशीन एका लाँड्रीत आले. पुढे गल्लीकडे उघडणारे दुकान, मधे मशीनची खोली, मागे अंगण आणि अंगणभर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. वरच्या मजल्यावर लाँड्रीवाल्यांचे घर. लाँड्री चालवत होती ती आत्या. ती खरे तर एकाच मुलीची आत्या, पण त्या मुलीचे ऐकून ऐकून गिऱ्हाइके, दूधवाला, पोस्टमन, सगळेच तिला आत्या म्हणू लागले होते. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे त्या मुलीचे बाबा, इस्त्री करत. मुलीची आई गठ्ठे स्कूटरवर बांधून घरोघर पोचवत असे. आणि ती मुलगी? तिला घरात सगळे ‘चौकशी’ म्हणत. बोलायला लागली तेव्हापासून तिचे प्रत्येक वाक्य प्रश्नाने संपायचे. दुकानात गर्दी असली की बाबा म्हणायचे, चौकशीला वर पाठवा, नाहीतर गिऱ्हाइकांना उत्तरे देता देता संध्याकाळ होईल.

आत्याचा एक नियम होता. धुतल्याशिवाय काही आत यायचे नाही. हा नियम कपड्यांपुरता असता तर ठीक होते. पण आत्या बटाटे साबणाने धुवायची. चौकशीची कंपासपेटी धुवायची. गिऱ्हाइकाने दिलेली नाणीसुद्धा आधी वाटीतल्या पाण्यात पडायची आणि मग गल्ल्यात. बाबा म्हणायचे, एक दिवस ही साबणाची वडीच धुऊन ठेवील. त्यावर आत्या शांतपणे म्हणाली होती की ती तर रोजच धुते.

अशा घरात मी कित्येक वर्षे फिरलो. शाळेचे गणवेश, गवंड्यांच्या पँट, नव्या बाळाची झबली, सगळे माझ्या पोटातून गेले. सर्वांत जास्त फिरवल्या त्या चादरी. जवळच्या दवाखान्यातल्या चादरी आणि उशांचे अभ्रे आमच्याकडे येत आणि खरे सांगायचे तर त्या चादरींवरच ते घर चालत होते. काम उत्तम झाले की आत्या मशीनच्या दारावर थाप मारून म्हणायची, हा माझा उजवा हात. मित्रांनो, पोटाला कोणी हात म्हणावे, याहून मोठा मान काय असतो?

पण फिरणाऱ्या वस्तू झिजतात. आधी माझ्यामागचे बेअरिंग खडखडू लागले, मग मोटार जळाली. मेकॅनिकने मागचे झाकण उघडून आत बराच वेळ पाहिले आणि अशा आवाजात बातमी सांगितली की आत्याने पदराने डोळे पुसले. मशीन गेले होते. ड्रमला मात्र काहीच झाले नव्हते. तो म्हणाला, हा तुमच्या-माझ्या मागेही राहील. नवे मशीन आले, जुन्याचे भाग सुटे झाले आणि मला अंगणातल्या भिंतीशी आभाळाकडे तोंड करून ठेवले. माझ्यात आधी मोडके चिमटे पडले, मग वाळकी पाने आणि मग एक मांजर येऊन झोपू लागली. मजबूत असूनही रिकामे बसायचे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. भंगारवाला अधूनमधून गल्लीत येई आणि भिंतीवरून माझ्याकडे पाहून जाई.

त्याच दिवसांत दुकानाच्या दाराशी एक अडचण उभी राहिली. घरातला कचरा पिशवीत भरून दाराबाहेर अडकवलेला असायचा. कचऱ्याची गाडी मनात येईल तेव्हा येई. तोवर पिशवी फुगायची, गळायची आणि मांजर तिला नख लावून पाहायची. एके सकाळी दवाखान्याच्या मेट्रनबाई चादरी न्यायला आल्या आणि पायरीवर पडलेल्या केळ्याच्या सालीवरून घसरता घसरता वाचल्या. मेट्रनबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. प्रत्येक गठ्ठा ताब्यात घेण्यापूर्वी त्या वरची चादर उचलून नाकाशी धरत आणि मान हलवत. त्या दिवशी त्यांनी चादरीचा वास घेतला, मग पिशवीकडे पाहिले आणि हलक्या आवाजात आत्याला म्हणाल्या, “आत्या, यांच्यावर आजारी माणसं निजतात. चादरीला जरा जरी वास आला ना, तर मला दुसरी लाँड्री बघावी लागेल. मग आपली ओळख कितीही जुनी असो.”

आत्याने त्या दिवशी पायरी तीनतीनदा धुतली. पण पिशवी उद्या पुन्हा भरणार होतीच.

चौकशीने मात्र पिशवीच सोडून पाहिली. जुन्या वर्तमानपत्रावर सगळा कचरा ओतला आणि काडीने एकेक गोष्ट बाजूला करू लागली. आत्या वरून ओरडत होती, पण खाली यायची तिची हिंमत नव्हती. पिशवीत होत्या बटाट्याच्या साली, भाजीचे देठ, चहाचा चोथा, फळांच्या बिया आणि फोलपटे. कागद आणि प्लास्टिक अगदी थोडे. चौकशीने वर पाहून विचारले, “आत्या, ह्या तर साली आहेत. ह्याला घाण का म्हणायचं?”

“कारण त्याला घाण येते.”

“पण सकाळी तू भाजी चिरत होतीस तेव्हा तर येत नव्हती. मग मधे ती कुठून आली?”

मित्रांनो, हा प्रश्न ऐकून मीच चमकलो. जन्मभर मी घाण बाहेर काढत आलो होतो. ती येते कुठून, असे मी कधी विचारले नव्हते.

शाळेत चौकशीला तिच्या बाईंनी सांगितले होते की स्वयंपाकघरातल्या साली हवेशीर ठेवल्या तर त्यांची माती होते, झाडांना घालायचे खत होते. मग पिशवीत भरायला फारसे काही उरत नाही आणि कचऱ्याच्या गाडीची वाट पाहावी लागत नाही. हवेशीर हा शब्द तोंडात घोळवत ती अंगणात फिरत होती आणि फिरता फिरता माझ्यासमोर थांबली. तिने माझ्या एका भोकाला डोळा लावला. पलीकडच्या भोकातून तिला आकाश दिसले असावे, कारण ती तशीच बाबांना बोलवायला पळाली.

बाबांनी लाकडाचा घोडा ठोकला, माझ्या मागचा दांडा त्यात अडकवला आणि पुढून मला दोन जुन्या चाकांवर टेकवले. आता हाताने ढकलले की मी पुन्हा गोल फिरू लागलो. तोंडाला एका मोठ्या पातेल्याचे झाकण, ते धरून ठेवायला जाड इलॅस्टिक आणि खाली गळते पाणी झेलायला एक ट्रे. फिरताना मी कुरकुरलो, पण ते सुखाचे कुरकुरणे होते.

आत्या हे सगळे कमरेवर हात ठेवून पाहत होती. पायरीवरची पिशवी जाणार म्हणून तिला बरे वाटत होते आणि तीच पिशवी दोऱ्यांजवळ येणार म्हणून धडकीही भरत होती. शेवटी तिने सांगून टाकले, चादरींना एकदा जरी वास लागला तर हा ड्रम भंगारात जाईल. चौकशीने मान डोलावली. मग आत्याने स्वतःच्या मनाने एक खबरदारी घेतली. ड्रममध्ये जाणारी प्रत्येक साल ती आधी धुणार होती.

हे फक्त त्याच घरात होऊ शकते, मित्रांनो. रोज सकाळी आत्या बादलीत साबणाचे पाणी करायची, साली त्यात बुचकळायची, दोन पाण्यांतून काढायची आणि निथळत निथळत माझ्यात सोडायची. चौकशीने एकदा म्हणून पाहिले की बाई धुवा असे काही म्हणाल्या नव्हत्या. आत्या म्हणाली, सांगायच्या विसरल्या असतील.

मला काय, पाणी आणि साबण ओळखीचेच. जुन्या सवयीने मी सालींनाही कपड्यांसारखे उचलून आपटू पाहिले. पण साली कपड्यांसारख्या उलगडत नाहीत. त्या एकमेकींना चिकटल्या, खाली बसल्या आणि त्यांचा एक गच्च गोळा झाला. चौकशी रोज शाळेतून आली की झाकण उघडून आत डोकवायची, कालच्यात आणि आजच्यात काय फरक पडला ते पाहायची. आधी काहीच फरक नव्हता. बटाट्याची साल बटाट्याचीच साल होती, उलट जास्त लख्ख. मग रंग बदलला. काळपट, बुळबुळीत थर जमू लागला. माझी भोके बुजली. आणि एके दुपारी झाकण उघडताच चौकशी दोन पावले मागे गेली.

आत्याला वास लपवायचा एकच मार्ग ठाऊक होता. कपड्यांना शेवटच्या पाण्यात घालतात ते सुगंधी पाणी तिने माझ्यात ओतले. माझ्या पोटात सुगंध आणि दुर्गंध यांची अशी काही झोंबाझोंबी झाली की पूर्वी माझ्यात झोपणारी ती मांजर आता अंगणातसुद्धा फिरकेना.

आणि मग जे व्हायला नको होते तेच झाले. दोऱ्यांवर दवाखान्याच्या चादरी वाळत होत्या. दुपारी वारा फिरला आणि माझ्यावरून थेट चादरींकडे वाहू लागला. संध्याकाळी आत्याने पहिली चादर काढली, सवयीने नाकाशी नेली आणि तिचा हात तिथेच थांबला. मग दुसरी पाहिली. मग तिसरी. सगळ्या चादरी पुन्हा नव्या मशीनमध्ये गेल्या आणि घरातले पंखे, इस्त्र्या आणि माणसे, सगळीच त्या वाळवायला लागली. चौकशीची आई स्कूटर तशीच दारात सोडून घड्या घालायला बसली. मेट्रनबाई आल्या तेव्हा गठ्ठा तयार होता. त्यांनी वरची चादर उचलली, वास घेतला आणि मान हलवली. त्यांना काही कळले नाही, पण आत्याच्या कपाळावरचा घाम मला अंगणातूनही दिसत होता.

भंगारवाला त्याच आठवड्यात गल्लीत आला. आत्याने त्याला पुढच्या फेरीला रिकामी गाडी घेऊन यायला सांगितले.

चौकशी रडली नाही. तिने एवढेच विचारले, “तो येईपर्यंत मी आत काय झालंय ते बघू?”

“बघ. पण कोपऱ्यात नेऊन बघ,” आत्या म्हणाली. “आणि मग अंघोळ.”

लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी, दोऱ्या रिकाम्या असताना, चौकशीने नाकाला रुमाल बांधला. बाबांच्या मदतीने मला कोपऱ्यात नेले, एका जुन्या ताडपत्रीवर माझे पोट रिकामे केले आणि मोडक्या डावाने ढीग पसरू लागली. बुळबुळ, चिकचिक, पुन्हा बुळबुळ. मला फार संकोच वाटत होता. एवढी वर्षे मी पांढरेशुभ्र कपडे बाहेर दिले आणि आता हे.

मग माझ्या पोटात चिकटून राहिलेले खरवडताना तिचा डाव थांबला. माझ्या एका उंचवट्याच्या मागे काहीतरी अडकले होते. तिने ते खरवडून हातावर घेतले. ते चिकट नव्हते. भुसभुशीत होते, तपकिरी होते आणि त्यात पुठ्ठ्याचे मऊ पडलेले तुकडे दिसत होते. एक इवलासा किडा घाईघाईने आत शिरला. चौकशीने नाकावरचा रुमाल खाली केला, हात नाकाजवळ नेला.

मग तिने आत्याला बोलावले. आत्या आली, पण चार हात लांब थांबली. चौकशीने हात पुढे केला. आत्याने वास घेतला. मित्रांनो, वासाच्या बाबतीत आत्याच्या नाकाला कोणी फसवू शकत नसे. तिने पुन्हा वास घेतला आणि विचारले, हे कुठून आणलेस? शेजारच्या कुंडीतून? चौकशीने माझ्याकडे बोट दाखवले.

एकाच ड्रममध्ये, एकाच वेळी, एकीकडे घाण आणि एकीकडे माती. असे कसे? चौकशीने पुठ्ठ्याचा तुकडा उचलला. इस्त्री केलेल्या शर्टाच्या घडीत घालतात तो पुठ्ठा. हा इथे आला कसा? सगळ्यांनी बाबांकडे पाहिले. बाबा दोरीवरचा एक चिमटा फार निरखून पाहू लागले.

झाले होते असे की बाबा दुपारी इस्त्रीजवळच स्वतःपुरता चहा करून घेत. चोथा वर नेऊन आत्याला धुवायला द्यायचा त्यांना कंटाळा येई. चुरगळलेले पुठ्ठे टाकायला बाहेर जायचाही कंटाळा. म्हणून कोणी पाहत नसताना ते चहाचा चोथा आणि फाडलेले पुठ्ठे एकत्रच माझ्या तोंडात कोंबत आणि झाकण लावून टाकत. न धुता.

“म्हणजे तुझ्या आळसानं आयुष्यात हे एकच पुण्य केलं,” आत्या म्हणाली.

पण हे म्हणताना तिचे लक्ष बाबांकडे नव्हते. ती ताडपत्रीवरच्या गच्च ओल्या ढिगाकडे आणि चौकशीच्या हातातल्या भुसभुशीत मातीकडे आळीपाळीने पाहत होती. आणि मग तिने जे म्हटले ते कोणा बाईंनी शिकवलेले नव्हते. ते तिच्याच धंद्यातले होते. “अगं, हे कपड्यांसारखंच आहे की. धुतलेले कपडे पिळून दोरीवर घातले तर काही होत नाही. पण तेच ओले कपडे बादलीत दाबून झाकून ठेवले तर कुबट वास मारतात, कितीही साबण लावलेला असो.”

चौकशी हळूच म्हणाली, “म्हणजे घाण सालींमध्ये नव्हती. आपण त्यांना कोंडलं, तेव्हा ती आली.”

मित्रांनो, मी धातूचा आहे. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला असता तर तो त्या सगळ्या भोकांमधून बाहेर दिसला असता. माझी भोके पुन्हा एकदा उपयोगी होती! पूर्वी त्यांतून पाणी जायचे होते, आता हवा यायची होती.

मग आत्याने पदर खोचला. कोपऱ्यावरच्या सुताराकडून लाकडाचा भुसा आला, गल्लीतला वाळका पाला आला, फाटके पुठ्ठे बारीक झाले. चिकट गोळे फोडून, सैल करून त्यांत हे कोरडे मिसळले. माझी भोके चौकशीने ब्रशने मोकळी केली. मिश्रण किती ओले हवे, हे कोणालाच माहीत नव्हते. तेव्हा नाणीसुद्धा धुऊन घेणाऱ्या त्या आत्याने उघड्या हाताने मूठभर मिश्रण उचलले आणि टॉवेल पिळावा तसे पिळले. पाण्याची धार लागली. अजून भुसा. पुन्हा पिळले. बोटांमधून जेमतेम एखादा थेंब आला. ती म्हणाली, बास. दोरीवर टाकायच्या आधी पिळलेला टॉवेल असतो ना, तितके ओले. मग तिने हात धुतले, एकदाच.

त्यानंतर माझ्या पोटात जे सुरू झाले ते मला अजूनही नवलाचे वाटते. मी तापू लागलो. मशीनमध्ये असताना गरम पाण्याने मी रोज तापत असे, पण ती ऊब बाहेरून आलेली असायची. ही आतून येत होती. कोणी विस्तव ठेवला नव्हता, तार जोडली नव्हती. सकाळी झाकण उघडले की वाफ निघायची. आत्याने बाबांवर संशय घेतला की याने इस्त्री तर टेकवून ठेवली नव्हती ना. बाबांनी या वेळी खरोखरच काही केले नव्हते. चौकशीने शाळेत विचारून उत्तर आणले. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव त्या साली खात होते आणि धावून आल्यावर तुमचे अंग गरम होते ना, तसे त्यांच्या कामाने सगळे गरम होत होते. त्यांना ओले हवे, कोरडे हवे आणि श्वासाला हवा हवी. साबण नको. माझ्या पोटात एवढी वस्ती नांदत होती आणि मला त्यांची पावलेसुद्धा ऐकू येत नव्हती.

नेमका त्याच दिवसांत भंगारवाला रिकामी गाडी घेऊन आला. त्याने दारातून हाक मारली. चौकशी माझ्याजवळ उभी होती, एक हात माझ्यावर ठेवून. आत्या माझ्याकडे आली, तिनेही माझ्या पत्र्यावर पालथा हात टेकवला, जसा आपण आजारी मुलाच्या कपाळावर टेकवतो.

“आज नाही देता येणार,” ती म्हणाली. “त्याला ताप आहे.”

भंगारवाल्याने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुढची हाक मारत निघून गेला.

पण खरी परीक्षा भंगारवाल्याची नव्हती, नाकाची होती. ऊब हळूहळू उतरली, साली दिसेनाशा झाल्या आणि आतला ढीग खाली बसून माझे पोट हलके वाटू लागले. आत्या रोज चादरी काढताना प्रत्येक चादर नाकाशी धरायची. वास नव्हता. तरी तिची भीती जाईना. आणि एके दिवशी मेट्रनबाई वेळेआधी आल्या. दुकानात कोणी नव्हते, म्हणून त्या सरळ मागे अंगणात आल्या. दोऱ्यांवर त्यांच्याच चादरी होत्या. माझे झाकण उघडे होते आणि चौकशी कोपरापर्यंत माझ्यात हात घालून उभी होती. आत्या घडीची चादर छातीशी धरून जागच्या जागी थबकली.

मेट्रनबाई थांबल्या. त्यांनी हवेत वास घेतला. मग दोरीवरची एक चादर धरून तिचा वास घेतला. मग पुन्हा हवेत. आणि विचारले की तुम्ही कुंड्या आणल्या आहेत का, ओल्या मातीचा वास येतो आहे. चौकशीने ओंजळ भरून त्यांच्यासमोर धरली आणि एका श्वासात सगळे सांगून टाकले, साबणापासून तापापर्यंत. आत्याला वाटले आता धरणी दुभंगेल तर बरे. साबणाने धुतलेल्या सालींपर्यंत गोष्ट आली तेव्हा मेट्रनबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांना हसताना त्या अंगणाने पहिल्यांदाच पाहिले.

त्यांनी ती माती बोटांवर चुरून पाहिली. मग म्हणाल्या की दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून रोज बादलीभर साली निघतात आणि मागच्या दारी पडून राहतात. चादरींच्या गठ्ठ्याबरोबर त्या पाठवल्या तर चालतील का?

“चालतील,” आत्या म्हणाली. “भाजीच्याच पाठवा, उष्टं नको. आणि हे बघा, धुवू नका.”

आता त्या घराच्या पायरीवर पिशवी लटकत नाही. जी थोडी भरते ती कागदाची आणि प्लास्टिकची, तिला वास नसतो. कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाने एकदा विचारलेही की ही मंडळी गावाला गेली आहेत का. अंगणातली माती वर्षानुवर्षे साबणाचे पाणी पिऊन दगडासारखी झाली होती, पाणी ओतले तर ते वर तळे करून उभे राहायचे. भिंतीकडेच्या पट्ट्यात माझ्या पोटातली माती मिसळली, तेव्हापासून तिथे पाणी मुरते. परवा चौकशीने तिथे एक गांडूळ पाहिले. ते कुठून आले, त्याला पत्ता कोणी दिला, यावर तिचे आणि बाबांचे बोलणे अजून संपलेले नाही. भोपळ्याचा एक वेल आपोआप उगवला आहे, कारण एक बी माझ्यातून निसटून गेली. तो दोरीवर चढू पाहतो. आत्या त्याला रोज खाली उतरवते, पण उपटत मात्र नाही.

आणि मित्रांनो, आता माझे एक काम तुमच्याकडे आहे. मशीनमध्ये असताना धुणे संपले की शिटी वाजायची आणि सगळ्यांना कळायचे की झाले. इथे शिटी वाजत नाही. मी कितीदा ठरवले की आज नीट लक्ष ठेवायचे. टोमॅटोची एक साल निवडायची आणि ती नेमकी कोणत्या क्षणी साल राहत नाही, माती होते, ते पकडायचे. मी टक लावून पाहतो. साल असते, साल असते, आणि मग कधीतरी नसते. तो मधला क्षण मला एकदाही सापडलेला नाही.

तुम्ही तुमच्या घरी एखादे भोकांचे डबडे, फुटका माठ, जुनी बादली, जे जवळ असेल ते घ्या. ओल्याबरोबर कोरडे घाला, मधूनमधून हलवा, कोंडू नका. आणि कंटाळा न करता रोज आत पाहा. ज्या वस्तूंकडे रोज कोणी उघडून पाहते त्या कधी जुन्या होत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगतो. तो क्षण तुमच्यापैकी कोणाला दिसला तर मला येऊन जरूर सांगा. भिंतीपलीकडून हाक मारलीत तरी चालेल, मी इथेच असतो. फक्त येताना रिकाम्या हाताने येऊ नका.